विशेष मुलांच्या शिक्षणातील उद्दिष्टे : एक विचार

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांच्या शाळेत घेण्याचा हुकूम काढला. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला हा दुसरा हुकूम अधिक मोलाचा वाटतो. तरीही वर्गात शिरलेल्या आपल्या पूर्वजांच्या वाट्याला ‘हा काय शिकणार?’ हा प्रश्न आलाच. आज तोच प्रश्न, बहुधा कणवेच्या स्वरात, बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता वा अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांबाबत विचारला जातो.

कायद्याने दार उघडले आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे समाविष्ट असून, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मग शाळा जवळची असो की विशेष. आपल्या कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली, आणि उचगावच्या समर्थ विद्यामंदिरात दिव्यांग व इतर मुले एकत्र शिकू लागली. प्रवेशानंतरचा प्रश्न मात्र अधिक अवघड आहे : या मुलाने वर्षअखेर नेमके काय शिकलेले असावे?

विशेष शिक्षणात याचे उत्तर प्रत्येक मुलाच्या वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहिले जाते. ते लिहिण्यापूर्वी मूल आज काय करू शकते हे पाहावे लागते. आपल्याकडील विशेष शाळांत त्यासाठी ‘मद्रास डेव्हलपमेंटल प्रोग्रॅमिंग सिस्टीम’ हे साधन दीर्घकाळ वापरले गेले. त्यात जेवण, पोशाख, भाषा, पैसा, वेळ अशा १८ क्षेत्रांतील ३६० कृती होकारार्थी वाक्यांत मांडल्या आहेत. मुलाच्या उणिवांची यादी करण्याची आपली सवय अशा साधनाने थोडी तरी मोडते.

आता एक उदाहरण घेऊ. दहा वर्षांचा एक मुलगा आहे. तो दहापर्यंत मोजतो, दहा रुपयांचे नाणे ओळखतो, पण वस्तूची किंमत आणि हातातले पैसे यांचा मेळ त्याला घालता येत नाही. आराखड्यात पुष्कळदा लिहिलेले आढळते : ‘विद्यार्थ्यास पैशांचे ज्ञान होईल.’ हे झाले की नाही, कोण आणि कसे ठरवणार? त्याऐवजी असे लिहावे : ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, दहा रुपयांची पाच नाणी हातात दिली असता, तो वह्या-पेन्सिलींच्या दुकानात दहा, वीस वा तीस रुपयांच्या वस्तूसाठी योग्य नाणी मोजून देईल, कोणी न सांगता, पाचपैकी चार वेळा.’ यात मुदत, परिस्थिती, कृती आणि यशाचे माप, सर्व आले. दर आठवड्याला वहीत एवढेच नोंदवायचे की त्याने हे स्वतः केले, सांगितल्यावर केले की हात धरून करवून घ्यावे लागले. तीन आठवडे नोंद हलली नाही, तर पायरी मोठी झाली असे समजून ती लहान करावी. मुलाला दोष देऊ नये.

पायऱ्या शेवटाकडूनही शिकवता येतात. सदऱ्याचे बटण लावताना आधीचे सर्व आपण करावे आणि काजातून अर्धे बाहेर आलेले बटण ओढण्याचे काम मुलाला द्यावे. पहिल्याच दिवशी काम त्याच्या हातून पूर्ण होते. ते जमले की त्याच्या आधीची पायरी त्याच्याकडे सोपवावी.

उद्दिष्ट फार खाली ठेवणे हीदेखील उपेक्षाच होय. अमेरिकेत कोलोराडो राज्यातील एका स्वमग्न मुलाच्या आराखड्यात वर्षानुवर्षे जवळपास तीच उद्दिष्टे उतरत राहिली. पालक न्यायालयात गेले. २०१७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, नाममात्र प्रगती पुरेशी नाही. मुलाच्या परिस्थितीचा विचार करून आराखडा पुरेसा महत्त्वाकांक्षी असला पाहिजे. पालकांनी मागील वर्षाचा आराखडा जपून ठेवून नव्याशी ताडून पाहावा, तो यासाठीच.

निवासी शाळेला येथे एक मोठी सोय आहे. वर्गातले उद्दिष्ट नळावर, भोजनगृहात, अंथरूण घालताना दिवसभर सरावात येऊ शकते; मात्र वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि स्वयंपाकघरातील ताईंना ते ठाऊक हवे. आराखड्याची प्रत घरीही जावी. सुट्टीत आई मायेपोटी बटणे लावून देते, आजी घास भरवते, आणि जूनमध्ये शिक्षकांना पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. स्वतः मुलालाही विचारावे. ज्याला चहा करायला शिकायचे आहे, त्याला मणी ओवायला बसवण्यात काय अर्थ आहे?

अठराव्या वर्षी कायद्यातील मोफत शिक्षणाचा हक्क संपतो. आईवडिलांचे वय मात्र वाढतच असते. म्हणून चौदाव्या वर्षापासून आराखड्यात केएमटीने एकट्याने प्रवास करणे, घड्याळ पाहून कामावर पोहोचणे, हिशेबाचे पैसे परत आणणे ही उद्दिष्टे यावीत. त्यांचा सराव वर्गाच्या चार भिंतींत होत नाही. शिरोली वा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत ज्या माजी विद्यार्थ्यांचे कारखाने आहेत, गावात ज्यांची दुकाने आहेत, त्यांनी आठवड्यातून एक दुपार एका मुलास शिक्षकासह आपल्याकडे येऊ द्यावे. सुटे भाग मोजून डब्यात भरणे, मालावर चिठ्ठ्या चिकटवणे, एवढे काम पहिल्या सहामाहीस पुरेसे आहे.