इम्बर : गाव नेमके केव्हा उठले?

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात सॅलिसबरी प्लेन नावाचे विस्तीर्ण पठार आहे. तेथील लष्करी सरावक्षेत्रात इम्बर हे गाव आज निर्मनुष्य उभे आहे. इ. स. १०८६च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-नोंदींच्या दप्तरात त्याचे नाव आढळते. म्हणजे ही वस्ती किमान साडेआठशे वर्षे नांदली.

१ नोव्हेंबर १९४३ रोजी गावकऱ्यांना शाळेच्या खोलीत बोलावून ४७ दिवसांत गाव सोडण्यास सांगण्यात आले. युरोपात उतरू पाहणाऱ्या अमेरिकन सैन्याला वस्तीतील लढाईचा सराव हवा होता. सुमारे दीडशे माणसे नाताळापूर्वी निघून गेली. नाझीवादाविरुद्धचे ते युद्ध न्याय्य होते, यात शंका नाही. परंतु युद्ध संपल्यावरही गाव परत मिळाले नाही.

असे का झाले? याचे उत्तर १९४३च्या आधी शोधावे लागते. या पठारावर युद्धखात्याची जमीनखरेदी १८९७पासून सुरू होती. शेतीत मंदी होती, सरकार भाव चांगला देत होते आणि विकलेली जमीन अल्प खंडाने पुन्हा कसायला मिळत होती. जमीनमालकांनी विक्री केली. नव्या करारांत मात्र कुळांना हटविण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला. दुसऱ्या महायुद्धापर्यंत चर्च, प्रार्थनामंदिर, पाद्रीनिवास आणि ‘बेल इन’ हा गुत्ता वगळता जवळजवळ सारे इम्बर सरकारच्या मालकीचे झाले होते.

तात्पर्य, गाव १९४३मध्ये रिकामे झाले. हातचे मात्र त्यापूर्वीच गेले होते. ज्या शेतमजुरांची घरे गेली, त्यांच्या नावावर जमीन कधीच नव्हती. त्यामुळे विक्रीच्या वेळी त्यांना कोणी विचारले नाही आणि हुकूम आला तेव्हा दाद मागण्यास आधार उरला नाही.

१९६१मध्ये दोन हजारांहून अधिक लोक गाव परत मागण्यासाठी तेथे जमले. सार्वजनिक चौकशी झाली. निर्णय लष्कराच्या बाजूने लागला. मात्र सेंट जाइल्स चर्च राखले गेले आणि तेथे वर्षातून एकदा प्रार्थनेसाठी जाण्याची मुभा मिळाली.

वाचकहो, उठलेल्या गावाचा अभ्यास करताना शेवटच्या हुकुमापाशी थांबू नये. आपल्या गावाचे सातबारा आणि फेरफार काढून पाहावेत. जमीन कोणाच्या नावावर होती, ती कोणी विकली आणि राबणाऱ्यांपैकी कोणाचे नाव कागदावर कधीच चढले नाही, हे प्रश्न विचारल्यावाचून गावाचा इतिहास पूर्ण होत नाही.