बंदूक डिकीत ठेवून पेनसिल्व्हेनियाहून न्यू हॅम्पशायरला जाताना

नेमबाजीचा छंद असलेल्या आणि पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला न्यू हॅम्पशायरला जायचं असेल, तर अडचण दोन्ही टोकांना नसते, ती वाटेत असते. या दोन राज्यांत बंदुकीचे नियम सैल आहेत. मधली न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स ही राज्यं मात्र कडक. शिवाय राज्याचा कायदा एक सांगतो आणि शहराचा दुसरं, असंही घडतं.

पहिली तपासणी स्वतःची करा. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल, तर संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगणंच गुन्हा आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर सूट नाही. ग्रीन कार्डधारक बंदूक बाळगू शकतो, पण शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढलं जाऊ शकतं. म्हणून ‘होईल काहीतरी’ ही वृत्ती इथे अजिबात चालत नाही.

यानंतर 1986 चा संघीय कायदा नीट वाचा. प्रवास सुरू होतो तिथे आणि संपतो तिथे, दोन्हीकडे बंदूक बाळगणं आणि जवळ ठेवून फिरणं तुमच्यासाठी कायदेशीर असेल, तर मधल्या राज्यांतून ती नेता येते. अट अशी की बंदुकीत गोळी नसावी आणि बंदूक व काडतुसं दोन्ही गाडीत बसलेल्यांच्या हाताला लागू नयेत. एसयूव्हीसारखी वेगळी डिकी नसलेली गाडी असेल तर कुलूपबंद पेटी हवी. ग्लव्ह बॉक्स चालत नाही. पिस्तूल नेणार असाल तर पेनसिल्व्हेनियाचा कॅरी परवाना आधी काढून ठेवा. तिथे गाडीत पिस्तूल ठेवायलाही, काही अपवाद वगळता, तो लागतो.

आता शहरांकडे वळू. बहुतेक राज्यांनी बंदुकांबाबत नियम करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला आहे. फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्ग यांनी काही बंदुकांवर बंदी घातली, तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये शहरांना तो अधिकारच नाही, असा निकाल दिला. न्यू यॉर्कमध्ये चित्र उलटं आहे. त्या राज्याचा पिस्तूल परवाना न्यू यॉर्क शहरात आपोआप चालत नाही, शहराच्या पोलिस आयुक्तांची खास परवानगी लागते. परवानाधारकाला कुलूपबंद पेटीत पिस्तूल ठेवून न थांबता शहर ओलांडता येतं, एवढीच मोकळीक. शहरात रायफल बाळगायलाही वेगळा परवाना लागतो. घरापुरता परवाना असलेल्यांना तर शहर पिस्तूल हद्दीबाहेर नेऊच देत नव्हतं, अगदी बाहेरच्या नेमबाजी केंद्रावरसुद्धा. हा वाद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावर 2019 मध्ये शहराने नियम बदलला, राज्यानेही कायदा दुरुस्त केला, आणि 2020 मध्ये मूळ मागणीचा प्रश्नच उरला नाही म्हणून न्यायालयाने निकाल दिला नाही. त्यामुळे राज्य परवानगी देतं एवढ्यावर थांबू नका. त्या राज्याने शहराला किती मोकळीक दिली आहे, तेही बघा.

माझं स्पष्ट मत आहे की लांबचा रस्ता घ्यावा. स्क्रॅन्टनहून इंटरस्टेट 84 धरला तर न्यू जर्सी आणि न्यू यॉर्क शहर दोन्ही टळतात. न्यू यॉर्क राज्य, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स मात्र ओलांडावी लागतातच, म्हणून सामान सगळ्यांत कडक राज्याच्या हिशोबाने बांधा. न्यू जर्सी टाळली तरी तिचे नियम हिशोबात धरा: तिने 2018 मध्ये मॅगझिनची मर्यादा 15 वरून 10 गोळ्यांवर आणली, आणि तिथे हॉलो पॉइंट गोळ्यांवरही निर्बंध आहेत. मोठी मॅगझिन घरीच ठेवलेली बरी. निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक राज्याच्या पोलिसांच्या संकेतस्थळावर ताजा नियम पाहा.

पेट्रोल भरायला आणि जेवायला थांबणं वेगळं, मुक्काम करणं वेगळं. मुक्काम झाला की संघीय संरक्षण डळमळतं. 2005 मध्ये युटाहून पेनसिल्व्हेनियाला निघालेल्या एका प्रवाशाचं न्यू जर्सीतल्या न्यूअर्कला पुढचं विमान चुकलं. बंदूक असलेली बॅग घेऊन तो रात्री हॉटेलात राहिला, आणि सकाळी विमानतळावर बंदूक असल्याचं स्वतःहून सांगताच त्याला अटक झाली. आरोप पुढे मागे घेतले गेले, पण भरपाईचा दावा तो 2010 मध्ये हरला. हॉटेलात असताना बंदूक त्याच्या हाताशी होती, म्हणून संरक्षण लागू नाही, असं न्यायालयाने ठरवलं. विमानाने जाताना बंदूक रिकामी करून टणक, कुलूपबंद पेटीत ठेवायची, काउंटरवर जाहीर करायची आणि चेक-इन सामानातच द्यायची. मधेच अडकलात तर ती बॅग ताब्यात घेऊ नका. विमान कंपनीला ठेवून घ्यायला सांगा, किंवा विमानतळ पोलिसांकडे रात्रभर जमा करण्याची विनंती करा.

रस्त्यात पोलिसांनी अडवलं तर हात स्टिअरिंगवर ठेवा आणि शांतपणे बोला. बंदुकीबद्दल आपणहून सांगण्याचं बंधन प्रत्येक राज्यात वेगळं आहे, ते निघण्यापूर्वीच माहीत करून घ्या. विचारलं तर खोटं बोलू नका. झडतीला संमती नाही, असं नम्रपणे सांगता येतं, पण अडवणूक करायची नाही. दोन्ही टोकांचे परवाने, नेमबाजी केंद्राचं आमंत्रण आणि वकिलाचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. फोन जप्त होऊ शकतो.