दगडाचे लेणे, कागदाचे चित्र

वेरूळचे कैलास लेणे ८ व्या शतकातले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात डोंगर वरून खाली कोरीत आणला आणि देऊळ उभे राहिले.

सवाई माधवराव पेशव्यांच्या वेळी कॅमेरा नव्हता. पुण्याच्या गंगाराम तांबटांनी वेरूळची चित्रे हाताने काढली. जेम्स वेल्स यानेही काढली. वेल्सच्या चित्रांचे छापे १८०३ साली लंडनात निघाले. तेव्हाचे लेणे आज त्यांत दिसते.

आमच्या मुळशीत धरण झाले, घरेदारे पाण्याखाली गेली. ज्या घराचे चित्र नाही, ते नातवंडांना कसे दाखवायचे?

बाबांनो, बायांनो, आता तुम्हाला लिहिता येते. आपल्या जुन्या घराचे चित्र काढा. वाकडे आले तरी चालेल. खाली गावाचे नाव आणि साल तेवढे लिहा.