मुक्कामाचे नाव

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. येत्या जुलैत मोटारसायकलीवरून मनालीहून लेहला जाण्याचा तुझा मनसुबा वाचून तुझी आई जितकी धास्तावली तितका मी धास्तावलो नाही. कारण ज्या मामाने पंचविशीत तोच रस्ता तसल्याच हट्टाने धरला होता, त्याने भाच्याला मनाई करणे न्यायाला धरून होणार नाही.

तू बारा वर्षांचा असताना खोपोलीजवळच्या इमॅजिका उद्यानात आपण ‘नायट्रो’ या रोलर कोस्टरमध्ये बसलो होतो. भीतीने पांढराफटक पडूनही खाली उतरताच तू “मामा, पुन्हा!” म्हणालास. तसल्या गाडीची चाके रुळाच्या वर, बाजूस आणि खालूनही बसविलेली असतात, खांद्यावरचा अडसर तेथील माणसाने स्वतः ओढून पाहिलेला असतो, आणि भय कोठे सुरू व्हावे व कोठे संपावे याचा बंदोबस्त कोणा अज्ञात अभियंत्याने आधीच करून ठेवलेला असतो. आपल्या वाट्याला उरते ते केवळ ओरडणे. हिमालयात हा सारा कारभार तुझ्या हाती येईल, आणि त्यातले अवघड काम गाडी हाकण्याचे नसून ती वेळेवर थांबविण्याचे आहे.

हे मी फजितीने शिकलो. बारालाचा खिंडीच्या अलीकडे एका नाल्यापाशी मी दुपारी चारला पोहोचलो. दिवसभराच्या उन्हाने वितळलेले बर्फ दुपारनंतर नाल्यांत उतरते हे ठाऊक असूनही, माघार म्हणजे नामुष्की अशा समजुतीने मी बुलेट पाण्यात घातली. मध्यावर चाकाखालचा गोटा फिरला, गाडी कलंडली, इंजिनात पाणी शिरले, आणि दोघा ट्रकवाल्यांनी तिच्यासह मला काठावर ओढले. रात्र त्यांच्या केबिनमध्ये कुडकुडत काढली. पहाटे पाहतो तो, तोच नाला जेमतेम घोट्याइतका! रात्रभराच्या सबुरीने जे साधले असते, त्यासाठी मी शौर्य खर्ची घातले होते.

उंचीचाही हिशेब असाच. मनाली सुमारे २,०५० मीटरवर, सरचू ४,३०० मीटरच्या आसपास. २०२० साली सुरू झालेल्या नऊ किलोमीटरांच्या अटल बोगद्याने रोहतांगची चढण वाचविल्यामुळे ही मजल एका दिवसात मारण्याचा मोह बळावला आहे. परंतु विरळ हवेची सवय शरीर आपल्या चालीनेच लावून घेते, त्याला बोगद्याची जवळची वाट ठाऊक नाही. म्हणून केलाँग किंवा जिस्पा येथे दोन रात्री काढ. पुढची टंगलंग ला ही खिंड ५,३२८ मीटरवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा भरतो. तेव्हा वाटेत कोठेही डोके ठणकू लागले वा ओकारी झाली, तर पुढची चढण तहकूब कर, आणि तरीही उतार न पडला तर निमूटपणे खाली ये. श्रीनगर-कारगिलवरून गेलास तर उंचीची ओळख अधिक सावकाश होते, हेही ध्यानात असू दे.

सामानाविषयी दोनच गोष्टी. क्लचची दुसरी वायर पहिलीच्या शेजारून आधीच ओढून चिकटपट्टीने बांधून ठेव, म्हणजे ऐन घाटात तुटली तर गारठलेल्या बोटांना केवळ टोके जोडण्याचे काम उरेल. टांडीच्या पंपावर टाकी काठोकाठ भर आणि वर एक कॅन घे. पुढचा पंप ३६५ किलोमीटरांवर असल्याचा तेथला फलक मी एके काळी थट्टेवारी नेला होता. रोज पहाटे निघ आणि दुपार कलण्यापूर्वी तळ टाक.

आणि एक विनंती. खिंडींची उंची आणि तेथील छायाचित्रे पाठविली नाहीस तरी चालेल. पण जेथे रेंज मिळेल तेथून, आज कोठे थांबलास, एवढे आईला कळवीत जा. नकाशा ती उशाशी घेऊन बसणार आहे, आणि तिला झोप लागायला मुक्कामाचे नाव पुरेसे आहे.

तुझा,
मामा