नऊ तारखेला जाताना

पोरी, पाचवा लागला ना तुला? मग बैस जरा. सासू तुझी गुणाची आहे, पण ‘कमी जेव, बाळ मोठं झालं तर अडेल’ म्हणाली, तर ‘हो’ म्हणायचं आणि जेवायचं. कळण्याची भाकरी, पालेभाजी, वरणावर लिंबू. लोहाची लाल गोळी चहासोबत कधी नको, अंगी लागत नाही. कॅल्शियमची दुसऱ्या वेळेला. शौचाला काळं झालं तर घाबरू नकोस, ते लोहाचंच. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की दम लागतो, आणि आपण बाया त्यालाच आळस म्हणतो.

भीतीचं म्हणशील, तर कळांपेक्षा एकटेपणाची जास्त. माझ्या लेकीच्या वेळी मला दारातच थांबवलं. आत ती ओरडायची, बाहेर मी भिंत धरून. सरकारने २०१६ पासूनच सरकारी दवाखान्यात घरची एक बाई आत राहू द्यायचं ठरवलंय, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तू आधीच विचारून ठेव. सोबतीण मात्र नीट निवड. जिने कळा सोसल्यात आणि जिच्या तोंडाला कुलूप आहे अशी. दुसऱ्यांच्या अडलेल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगणारी नको. तिने पाठ चोळावी, पाणी पाजावं, बस.

डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडावर सूज चढली, रक्त दिसलं, पाणी गेलं, बाळाचं फिरणं मंदावलं, तर नवरा शेतातून यायची वाट बघायची नाही. १०२ नाहीतर १०८ लावायचा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषध, रक्त सगळं फुकट, २०११ पासून.

बाळंत झाल्यावर दोन-चार दिवस उगाच रडू येतं, येऊ दे. दोन आठवडे झाले तरी थांबेना, तर आशाताईला सांग. त्यात लाज कसली?

आणि हो, दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना फुकट तपासतात. तू जाशीलच, घरची गाडी आहे. पण तुमच्या केळीत कामाला येते ती पाड्यावरची पोर, तिलाही सातवा लागलाय. सातपुड्यात नाला भरला की गाडी चढत नाही. म्हणून तिकडच्या काही आरोग्य केंद्रांत माहेरघर आहे, तारखेआधी काही दिवस तिथे राहायला जाता येतं. तिला ते सांगितलंय का कुणी? ९ तारखेला तिला गाडीत घे, आणि त्या दिवसाची मजुरी कापू नकोस.