रानहत्ती काय खातो?
(इयत्ता चौथी)

जमिनीवर राहणाऱ्या प्राण्यांत हत्ती सर्वात मोठा आहे. एवढा मोठा असूनही तो मांस, मासे किंवा अंडी खात नाही. तो फक्त झाडपाला, गवत आणि फळे खातो.

आमच्या दोडामार्ग तालुक्यात पूर्वी रानहत्ती नव्हते. २००२ साली ते कर्नाटकातील जंगलातून इकडे आले. तेव्हा माझे बाबा दहावीत होते. आता आमच्या तिलारी खोऱ्यात ‘हत्ती इलो रे’ म्हटले की लहान पोरगासुद्धा घरात पळतो. हत्ती काय खातो ते मी गुरुजींना आणि आजोबांना विचारले. ती माहिती पुढे देत आहे.

हत्ती रानात गवत, बांबूचे कोवळे कोंब, झाडांच्या फांद्या, पाने, मुळे आणि साल खातो. वड, पिंपळ, उंबर ही झाडे त्याला आवडतात. फणस तर फार आवडतो. पिकलेल्या फणसाचा वास त्याला लांबूनच लागतो. पावसाळ्यात गवत कोवळे असते, तेव्हा तो गवत जास्त खातो. उन्हाळ्यात गवत वाळते, मग फांद्या आणि साल जास्त खातो. अंगाला मीठ हवे म्हणून तो कधीकधी खारी मातीही खातो.

सोंड म्हणजे हत्तीचे नाक आणि तोच त्याचा हात. तिच्यात एकही हाड नाही. आपल्याकडच्या हत्तीच्या सोंडेच्या टोकाला एक बोट असते. आफ्रिकेतल्या हत्तीला दोन असतात. गवत उपटले की हत्ती ते पायावर आपटतो आणि माती झाडून मगच तोंडात घालतो. पाणी तो सोंडेत ओढतो आणि तोंडात सोडतो. नाकाने पीत नाही.

मोठा हत्ती दिवसाला सुमारे १५० किलो चारा खातो आणि १०० लिटरहून जास्त पाणी पितो. माझे वजन २५ किलो आहे. म्हणजे माझ्यासारख्या सहा मुलांच्या वजनाएवढा चारा त्याला एका दिवसात लागतो! त्यासाठी तो दिवसरात्र मिळून १६ ते १८ तास खात असतो.

एवढे का खावे लागते? गुरुजींनी सांगितले की गाय रवंथ करते, तिच्या पोटाचे चार कप्पे असतात. हत्तीचे पोट एकच कप्प्याचे असते आणि तो रवंथ करीत नाही. त्यामुळे खाल्लेल्यातले निम्म्याहून कमी पचते. बाकीचे लेंड्यांतून बाहेर पडते. त्या लेंड्यांत फळांच्या बिया असतात. त्या लांब जाऊन रुजतात. म्हणजे हत्ती रान खातो तसा रान लावतोसुद्धा.

हत्तीच्या दाढा जन्मभरात सहा वेळा येतात. झिजल्या की मागून नवीन पुढे सरकतात. शेवटच्या दाढा झिजल्या की म्हाताऱ्या हत्तीला चावता येत नाही. मग तो उपाशी मरतो. हे ऐकून मला वाईट वाटले.

पण आमचेही नुकसान होते. माड, पोफळी, केळी, भात हे सारे हत्तीला आवडते. रानात पोट भरायला दिवसभर फिरावे लागते, बागायतीत एकाच जागी सगळे मिळते. तो माड ढकलून पाडतो आणि शेंड्यातला गोड गाभा खातो. दोन वर्षांपूर्वी आमचे नऊ माड एका रात्रीत गेले. माडाला नारळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. आजोबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. आजी मात्र म्हणाली, “तो गणपती, तेका काय बोलतलव? पण आमच्या पोराबाळांनी खावचा काय?”

मला दोघांचेही खरे वाटते. हत्तीला भूक लागते, आम्हालाही लागते. रानात बांबू, गवत, फणस, उंबर आणि पाणी भरपूर असले तर तो गावाकडे कमी येईल. हत्ती मधमाश्यांना भितो. म्हणून २०२१ साली कर्नाटकातील कोडगू जिल्ह्यात हत्तींच्या वाटेवर मधमाश्यांच्या पेट्या ठेवून पाहिल्या. २०२० साली तिलारीचे जंगल राखीव झाले आहे. ते तोडू नये. २०१० पासून हत्ती हा आपल्या देशाचा राष्ट्रीय वारसा प्राणी आहे.

मित्रांनो, हत्ती दिसला तर जवळ जाऊ नका, दगड मारू नका, मोठ्या माणसांना सांगा.

सांगा पाहू :
१) एक हत्ती रोज १५० किलो चारा खातो, तर ३० दिवसांत किती क्विंटल खाईल?
२) हत्ती रवंथ करतो का?
३) आपल्या गावच्या रानात हत्तीच्या आवडीची कोणती झाडे आहेत? पाच नावे लिहा.

(पहिल्याचे उत्तर : ४५ क्विंटल)