चालकाची तालीम

घोड नदीच्या काठी वसलेले घोडेगाव हे पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. गावातून पूर्वेकडे जाणारा रस्ता मंचरला पुणे-नाशिक महामार्गास मिळतो. पश्चिमेकडे जाणारा रस्ता डिंभ्यावरून सह्याद्रीचा चढ चढत भीमाशंकरला पोहोचतो. श्रावणात या रस्त्यावर यात्रेकरूंची रीघ लागते. त्याच दिवसांत डोंगरावर धुके उतरते, पावसाची झड लागते आणि काही पावलांपलीकडचे दिसेनासे होते. अशा वेळी एस. टी. ची गाडी वळणे घेत घाट चढत असते. प्रवाशांपैकी कोणी डुलकी घेतो, कोणी शंकराचे नाव घेतो. चालकाला मात्र क्षणाचाही विसावा नसतो. समोरून दिवा दिसला की त्याचा पाय आपोआप हलका होतो. चाक किंचित घसरले तरी ते त्याच्या तळहाताला कळते.

हे कौशल्य त्याच्या अंगी आले कोठून? केवळ पुस्तक वाचून ते येत नाही, की दुसऱ्याचे पाहून येत नाही. ते स्वतः करून पाहावे लागते, आणि करून पाहताना चुका होतातच. पाटीवरची चूक पुसता येते, वहीतील चूक खोडता येते. परंतु रस्त्यावर झालेली चूक पुसण्याची सोय नाही. २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक घरांतील माणूस संध्याकाळी परत आला नाही. चुका केल्यावाचून शिकता येत नाही, आणि चूक केली तर कोणाचा तरी जीव जातो. मग शिकावे तरी कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या मराठी मातीत फार पूर्वीच सापडले होते. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नावारूपास आणली. मल्लखांब म्हणजे जमिनीत रोवलेला लाकडी खांब. त्याला अंग, मान आणि बोंड असे भाग असतात. मल्ल त्या खांबालाच आपला जोडीदार समजून पकडी, तिढे आणि उड्या यांचा सराव करतो. खांब थकत नाही, रागावत नाही आणि चुकीच्या पकडीबद्दल उलट डाव टाकून हाडही मोडत नाही. असा हजारो वेळा सराव केलेला मल्ल जेव्हा आखाड्यात उतरतो, तेव्हा त्याच्या शरीराला काय करावयाचे ते आधीच ठाऊक असते.

हीच युक्ती पुढे अमेरिकेतील एका तरुणाने वैमानिकांसाठी योजिली. त्याचे नाव एडविन लिंक. १९०४ साली जन्मलेल्या लिंकच्या वडिलांचा बिंगहॅम्टन या गावी ऑर्गन व पियानो बनविण्याचा कारखाना होता. आपल्याकडील बाजाच्या पेटीला असतात तसेच भाते ऑर्गनलाही असतात. लिंकला विमान चालविण्याचा छंद लागला. परंतु विमानातील शिकवणीचा खर्च परवडेना. तेव्हा त्याने कारखान्यातील भाते व पंप घेऊन विमानाच्या आकाराची एक लहानशी पेटी तयार केली. आत बसणाऱ्याने दांडा हलविला की भात्यांत हवा भरे आणि पेटी विमानाप्रमाणे झुके, उचले, वळे. हे यंत्र १९२९ साली तयार झाले. लोकांना ते खेळणे वाटले आणि काही यंत्रे तर करमणुकीच्या बागांत जाऊन पोहोचली.

पुढे १९३४ साली अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम येऊन पडले. रात्री-अपरात्री, धुक्यात व बर्फात विमान चालविण्याचा त्यांना पुरेसा सराव नव्हता. काही आठवड्यांतच अनेक वैमानिक मृत्युमुखी पडले. अशा वेळी लष्करी अधिकाऱ्यांना भेटण्यासाठी लिंक नेवार्कला निघाला. त्या दिवशी हवा इतकी वाईट होती, की तो येणार नाही असेच सर्वांना वाटत होते. परंतु केवळ उपकरणांकडे पाहून विमान हाकीत तो नेवार्कला उतरला! लष्कराने त्याची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशी हजारो यंत्रे वैमानिकांच्या शिक्षणासाठी वापरली गेली. जे खेळणे म्हणून हिणवले गेले, त्याने असंख्य जीव वाचविले.

अशा यंत्राला आज ‘सिम्युलेटर’ म्हणतात. खऱ्या वाहनाचा हुबेहूब अनुभव देणारे, परंतु जागचे न हलणारे सराव-यंत्र, असा त्याचा अर्थ सांगता येईल. संगणक आल्यावर विमानाप्रमाणे मोटारीचीही सराव-यंत्रे निघाली. शर्यतीच्या मोटारी चालविणाऱ्यांनी ती विशेष आपलीशी केली. २००९ पासून ‘फॉर्म्युला वन’ या जगप्रसिद्ध शर्यतीत हंगामाच्या काळात धावपट्टीवर सराव करण्यावर कडक निर्बंध आले; त्यामुळे संघांना सराव-यंत्रांवर अधिकच भिस्त ठेवावी लागली.

वेगाची ओढ घोडेगावच्या मुलांना नवी नाही. आंबेगाव, जुन्नर आणि खेड हे तालुके बैलगाड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध आहेत. ज्या चढावर गाडे पळतात त्यालाही येथे ‘घाट’च म्हणतात, आणि गाड्याचा वेळ सेकंदांत मोजतात. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा ग्राह्य धरला. सरावावाचून बैल जत्रेच्या घाटात उभा करणारा गाडामालक विरळाच. माणसाने तरी सरावावाचून चाक हाती का घ्यावे?

आता समजा, घोडेगावातील एखाद्या शाळेने मोठ्या मुलांच्या अभ्यासासाठी असे यंत्र घ्यावयाचे ठरविले. बाजारात शर्यतीचे खेळ पुष्कळ मिळतात. त्यांतील खेळणे कोणते आणि खरे सराव-यंत्र कोणते, हे ओळखावे कसे? त्यासाठी काही कसोट्या आहेत.

पहिली कसोटी चाकाची. खऱ्या मोटारीचे चाक हाताला उलट जोर लावते. वळणावर ते जड होते. ओल्या रस्त्यावर टायरची पकड सुटू लागली की एकाएकी हलके होते. चांगल्या सराव-यंत्राच्या चाकात विजेची मोटर बसविलेली असते आणि ती हा जोर हाताला जाणवून देते. जे चाक नुसतेच गरगर फिरते, ते हाताला काहीच शिकवीत नाही.

दुसरी कसोटी पायाची. ब्रेकचे पाऊल किती खाली गेले यापेक्षा त्यावर किती जोर दिला, यावर गाडीचे थांबणे अवलंबून असते. म्हणून जोर मोजणारा ब्रेक उत्तम. एस. टी. सारख्या गाडीचा सराव करावयाचा असेल, तर क्लच आणि गिअरही हवेत.

तिसरी कसोटी नियमांची. खेळाच्या नियमांची नव्हे, सृष्टीच्या नियमांची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे थांबण्याचे अंतर चौपट होते आणि रस्ता ओला असेल तर ते आणखी वाढते. ज्या यंत्रात हे गणित खरे ठरते, तेच विश्वासास पात्र. भिंतीवर आदळूनही मोटार धडधाकट पळू लागली, तर ते यंत्र मुलांना खोटे शिकविते असे समजावे.

चौथी कसोटी डोळ्यांची. पडद्यावरील रस्ता खऱ्या रस्त्याएवढ्याच रुंदीचा व अंतराचा भासला पाहिजे आणि आरशात मागचेही दिसले पाहिजे. काही यंत्रांसाठी खऱ्या धावपट्ट्या लेसर किरणांनी मोजून, त्यांवरील उंचवटे व खळगेसुद्धा जसेच्या तसे उतरविलेले असतात. मात्र डोळ्यांना गती दिसते आणि शरीर जागच्या जागी असते, म्हणून काहींना मळमळू लागते. अशा वेळी थांबून विश्रांती घ्यावी.

पाचवी कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि ती हेतूची. आपणांस काय शिकावयाचे आहे, हे आधी ठरवावे. शर्यतीचे यंत्र दूरवर नजर ठेवणे, वळणापूर्वी वेग कमी करणे, घसरती गाडी सावरणे आणि मन शांत राखणे या गोष्टी उत्तम शिकविते. परंतु शर्यतीच्या धावपट्टीवर शाळा सुटल्यावर धावत येणारी मुले नसतात, आडवी येणारी म्हैस नसते, की उसाने भरलेली संथ ट्रॉली नसते. त्यासाठी रस्त्यावरील वाहतूक दाखविणारे, उजव्या हाताला चाक असलेले आणि डाव्या बाजूने चालावे लागणारे यंत्रच हवे.

सराव-यंत्राचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच तरुणाच्या आयुष्यात दिसून येतात. जॅन मार्डनबरो हा ब्रिटिश मुलगा ‘ग्रान टुरिस्मो’ हा मोटार-शर्यतीचा खेळ घरी खेळत असे. २०११ साली या खेळातून खरे शर्यतपटू निवडण्याची स्पर्धा झाली आणि हजारो स्पर्धकांतून तो पहिला आला. त्यानंतर त्याला खऱ्या मोटारीचे शिक्षण देण्यात आले. २०१३ साली फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांच्या शर्यतीत त्याच्या संघाने आपल्या गटात तिसरा क्रमांक मिळविला. यंत्रावरचा सराव वाया गेला नव्हता. परंतु २०१५ साली जर्मनीतील नुरबुर्गरिंग येथे एका उंचवट्यावर त्याच्या मोटारीचे तोंड वर उचलले गेले, ती हवेत उडून कुंपणापलीकडे पडली आणि एका प्रेक्षकाचा मृत्यू झाला. पडद्यावरील खेळ कळ दाबून पुन्हा सुरू करता येतो. त्या दिवशी अशी कळ कोणाजवळही नव्हती.

आपल्या देशानेही या शिक्षणाचे महत्त्व ओळखले आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त चालक-प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर आणि सरावाची स्वतंत्र धावपट्टी असणे आवश्यक आहे. तेथील हलक्या मोटारीचा अभ्यासक्रम २९ तासांचा असून तो चार आठवड्यांत पुरा करावयाचा असतो. आधी यंत्र, मग मोकळी धावपट्टी आणि शेवटी रस्ता, असा हा क्रम आहे. तो मोडून एकदम रस्त्यावर उडी घेणे म्हणजे मल्लखांब न करता थेट आखाड्यात उतरण्यासारखे आहे. शिवाय मोटार चालविण्याचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. यंत्रावर कितीही प्रावीण्य मिळाले, तरी हा नियम बदलत नाही.

घोडेगावहून निघालेली एस. टी. आता भीमाशंकरच्या शेवटच्या वळणांवर आली आहे. धुक्यातून अचानक गुरांचा कळप पुढे येतो. चालक हलकेच ब्रेक दाबतो; गाडी न घसरता, न हिसकता थांबते. डुलकी घेणाऱ्या म्हातारीची झोपही मोडत नाही. गुराखी गुरे बाजूस घेतो, हात वर करतो आणि गाडी पुन्हा चढाला लागते. या शर्यतीत पहिला क्रमांक नाही, बक्षीस नाही, की टाळ्याही नाहीत. चाक फिरविणे यंत्र शिकवील. परंतु आपल्या पाठीमागे पन्नास माणसे विश्वासाने बसली आहेत आणि रस्त्यावरचा प्रत्येक जीव कोणाचा तरी आहे, ही जाणीव चालकाला स्वतःच्या मनात जागी ठेवावी लागते.

स्वाध्याय

१. मल्लखांबाला ‘मल्लाचे सराव-यंत्र’ का म्हणता येईल?

२. लिंकचे यंत्र लोकांना आधी खेळणे वाटले. त्यांचे मत कोणत्या घटनेमुळे बदलले?

३. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यानंतर ८ मीटर अंतरावर थांबते. त्याच रस्त्यावर तीच गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असल्यास ब्रेक लागल्यानंतर किती अंतरावर थांबेल?

४. शर्यतीचे यंत्र काय शिकविते आणि काय शिकवीत नाही, ते आपल्या शब्दांत लिहा.

५. आपल्या गावातील एस. टी. चालकास भेटा. पावसाळ्यात गाडी चालविताना ते कोणती काळजी घेतात, हे विचारून दहा ओळी लिहा.